जुन्या पेन्शनचे बिल येते कधी?

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मे हमीचे निवृत्तिवेतन, नाही. तसा शासन निर्णय निघाला ३१ ऑक्टोबर २००५ ला, म्हणजे अंमल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. त्यामुळे एकाच कार्यालयात, शेजारशेजारच्या टेबलांवर, सारखेच काम करणाऱ्या दोघांच्या म्हातारपणाचा हिशोब पूर्ण वेगळा झाला. या तारखेभोवती गेली वीस वर्षे जे भांडण चालू आहे, त्यात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. पेन्शन योजना बदलली की खर्चात फरक पडतो तो तीस-पस्तीस वर्षांनी, आणि निवडणूक येते दर पाच वर्षांनी.

सरकारी पेन्शनची पद्धत इंग्रजांच्या अमदानीतली आहे. पेन्शनविषयीचा कायदा १८७१ चा. आजच्या राज्य कर्मचाऱ्यांना लागू असलेली चौकट म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने सांगितले की पेन्शन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिशी नव्हे, तर केलेल्या सेवेपोटी मिळणारा हक्क आहे. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस अजून पाळतात तो यामुळेच.

हक्क मान्य झाला, पण त्यासाठी निधी कधीच उभारला गेला नाही. इथे एक गैरसमज नेहमी होतो. कर्मचाऱ्याच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीची कपात होते, ती त्याची स्वतःची बचत. तिचा पेन्शनशी संबंध नाही. जुन्या पेन्शनसाठी कर्मचारी एक पैसा भरत नाही आणि सरकारही काही बाजूला काढून ठेवत नाही. चालू वर्षाच्या महसुलातून, कोषागारातून, ती दिली जाते. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, त्यावर महागाई वाढ, पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण, म्हणजे तेवढा भाग आधीच एकरकमी घेणे (त्यापोटीची कपात १५ वर्षांनी संपते), उपदान (ग्रॅच्युइटी), आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. शिवाय वेतन आयोग आला की जुन्या पेन्शनरांचीही पेन्शन नव्याने ठरते. निम्मा पगार हा आकडा स्थिर दिसतो, पण तो निम्मा पगार दर आयोगाला वर सरकतो, आणि आयुर्मान वाढेल तशी घेण्याची वर्षेही वाढतात.

पाचव्या वेतन आयोगानंतर राज्यांची तिजोरी मोडकळीला आली तेव्हा हा प्रश्न टाळणे अशक्य झाले. केंद्राने कर्नाटकाचे माजी मुख्य सचिव बी. के. भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला. २००२ साली त्या गटाने मधला मार्ग सुचवला होता: कर्मचारी आणि सरकार दोघांनी अंशदान, म्हणजे आपापला हप्ता, भरावा, पण पहिल्या थरात ठरलेल्या पेन्शनची हमी असावी, आणि बाजारावर अवलंबून असलेला भाग तिच्यावर दुसरा थर म्हणून असावा. सरकारने हमीचा थर काढून टाकला. २२ डिसेंबर २००३ ला अधिसूचना निघाली आणि १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदले वगळता, केंद्राच्या नव्या नोकरदारांना निव्वळ अंशदानाची योजना लागू झाली. पश्चिम बंगाल बाहेर राहिले. बाकीची राज्ये एकामागून एक आत आली, त्यांत महाराष्ट्रही.

राज्यातली सुरुवात मात्र ढिसाळ होती. 'परिभाषित अंशदान' योजनेत, म्हणजे डीसीपीएसमध्ये, मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कर्मचाऱ्याने व तेवढेच सरकारने भरायचे होते. पण पैसे बाजारात गुंतवले गेले नाहीत. ते राज्याच्याच खात्यात व्याजावर राहिले. केंद्राच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, खाती वळली ती २०१५ च्या सुमारास. दरम्यान अनेकांना, विशेषतः जिल्हा परिषद शिक्षकांना, खाते क्रमांक उशिरा मिळाले, काही महिन्यांच्या कपातीच झाल्या नाहीत, झालेल्यांच्या पावत्या मिळाल्या नाहीत. सेवेत असताना मृत्यू आला तर कुटुंबाला साठलेल्या रकमेपलीकडे काही नव्हते. २०१८ मध्ये, सेवेच्या दहा वर्षांच्या आत मृत्यू झाल्यास १० लाखांचे सानुग्रह अनुदान आले. कुटुंब निवृत्तिवेतन व मृत्यू उपदान मिळायला २०२३ साल उजाडले. नव्या योजनेवरचा राग बाजारापेक्षा या कारभारातून जास्त आला, असे आमचे मत आहे.

आता आकडेमोड करू. समजा, निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन ७०,००० रुपये आहे आणि महागाई भत्ता ५० टक्के. जुन्या नियमाने पेन्शन ३५,००० आणि त्यावर वाढ १७,५००, म्हणजे महिना ५२,५००. एनपीएसमध्ये साठा ६० लाखांचा झाला असे धरू. किमान ४० टक्के, म्हणजे २४ लाखांची वार्षिकी (एकरकमी पैसे भरून आयुष्यभर मिळणारे ठरावीक उत्पन्न) विमा कंपनीकडून घ्यावी लागते. दर साडेसहा टक्के धरला तर महिना १३,०००. उरलेले ३६ लाख हातात येतात, पण ते बहुधा घर, लग्न, कर्ज यांत जातात. साऱ्या ६० लाखांची वार्षिकी घेतली तरी ३२,५०० च होतात, आणि त्यावर महागाई वाढ नाही.

आता हीच बेरीज तिजोरीच्या बाजूने करा. महिना ५२,५०० म्हणजे वर्षाला ६ लाख ३० हजार. ही रक्कम दरसाल ५ टक्क्यांनी वाढत २५ वर्षे द्यायची आणि निधीवर ७ टक्के परतावा मिळणार असे धरले, तर निवृत्तीच्या दिवशी सुमारे सव्वा कोटी हाताशी हवेत. वेतन आयोगाची उडी आणि जोडीदाराची पेन्शन यांत धरलेली नाही. ६० लाख आणि सव्वा कोटी यांमधली दरी कोणी भरायची, एवढाच वादाचा गाभा. जुन्या योजनेत ती उद्याचा करदाता भरतो, नव्यात निवृत्त माणूस पोट आवळून भरतो.

मग सरकारांना जुन्या योजनेकडे परतण्याचा मोह का व्हावा? कारण संक्रमणाच्या काळात खर्च दुहेरी असतो. २००५ पूर्वीच्या लोकांची पेन्शन द्यावीच लागते, आणि नव्यांसाठी अंशदानही भरावे लागते. तेही १ एप्रिल २०१९ पासून १० ऐवजी १४ टक्के. पंचविशीत २००५ अखेर लागलेला कर्मचारी ५८ व्या वर्षी, म्हणजे २०३८ मध्ये निवृत्त होईल. बचतीची फळे तेव्हा दिसू लागतील. आज जुनी योजना परत आणणाऱ्या सरकारचे १४ टक्के लगेच वाचतात. बिल येते २०३८ नंतर, तेव्हाच्या मंत्रिमंडळाला. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या अभ्यासाने हे मोजून दाखवले: सर्व राज्ये परत फिरली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचारपट होऊ शकतो आणि २०६० पर्यंत जादा भार दरसाल देशाच्या उत्पन्नाच्या ०.९ टक्क्यांपर्यंत जाईल.

२०२२ पासून राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल यांनी परतीची वाट धरली. राजस्थान व छत्तीसगडने एनपीएसमध्ये साठलेले पैसेही मागितले. केंद्राने कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून नकार दिला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, असे सांगून नकार दिला. महिन्याभराने नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजप पुरस्कृत उमेदवार पडला, प्रचारात जुनी पेन्शन होती. १४ मार्च २०२३ ला 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी संपावर गेले, सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली, आणि २० मार्चला संप मिटला.

पुढच्या सवलती टप्प्याटप्प्याने आल्या. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची, पण रुजू होणे नंतरचे, अशा सुमारे २६,००० जणांना जानेवारी २०२४ मध्ये जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. मार्च २०२४ मध्ये निम्म्या पगाराची हमी देणारी सुधारित योजना जाहीर झाली. २४ ऑगस्टला केंद्राने एकीकृत पेन्शन योजना (यूपीएस) मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राने ती स्वीकारली. पंचवीस वर्षे सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचा निम्मा भाग, त्यावर महागाई वाढ, आणि मृत्यूनंतर जोडीदाराला पेन्शनच्या ६० टक्के. कर्मचारी १० टक्के भरतो, सरकार साडेअठरा. म्हणजे २००२ साली सुचवलेला आणि मग नाकारलेला हमीचा थर बावीस वर्षांनी, जास्त किमतीला, परत आला.

केंद्राच्या योजनेत सरकारच्या साडेअठरापैकी १० टक्के व्यक्तीच्या खात्यात आणि साडेआठ टक्के सामाईक निधीत जातात. हमी पुरी पडते की नाही हे त्या सामाईक निधीवर ठरते. परतावा कमी पडला किंवा वेतन आयोगाने पगार जोरात वाढवला, तर साडेआठचा आकडा वाढवावा लागेल. निवृत्तीचे वय ५८ वरून ६० करा, ही अधिकाऱ्यांची जुनी मागणी आहे. त्याने दोन वर्षांची पेन्शन वाचते, पण त्या दोन वर्षांचा पूर्ण पगार द्यावा लागतो आणि नवी भरती अडते. निव्वळ बचत दिसते तेवढी मोठी नाही.

कर्मचाऱ्याने सध्या पाहायची बाब वेगळीच आहे. केंद्राच्या नियमांत प्रत्येकाच्या खात्याची तुलना एका मापदंड निधीशी होते: एकही हप्ता न चुकता, ठरीव पद्धतीने गुंतवला असता तर जेवढा साठा झाला असता तेवढा. खाते त्यापेक्षा कमी भरले, किंवा साठ्यातून ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढली, तर हमीची पेन्शन त्या प्रमाणात घटते. राज्यात हाच निकष लागला तर २००५ ते २०१५ मधले न जमा झालेले महिने नडतील. आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडून (कार्यालयात पगाराची बिले काढणाऱ्याकडून) त्या वर्षांची कपातपत्रके आणि सेवापुस्तकातली नोंद ताडून घ्यायची ती निवृत्तीच्या आधीच. नंतर जुनी वेतन देयके शोधून काढणे फार कठीण जाते.