दळी जमीन

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात डोंगरउतारावरील वनजमिनीचे जे तुकडे ब्रिटिश अमदानीत कातकरी, ठाकर कुटुंबांना नाचणी-वरीसाठी खंडाने लावून दिले गेले, ती दळी जमीन. झाडांचे टहाळ तोडून वाळवायचे, पावसाआधी ते जमिनीवर जाळायचे, म्हणजे राब भाजायचा; आधी नाचणी, पुढे वरी, मग तीळ किंवा कारळे, आणि जमिनीचा कस गेला की काही वर्षे पड. पड ठेवणे म्हणजे जमीन सोडणे नव्हे, आणि वनहक्काच्या दाव्यांतले बरेच भांडण याच गोष्टीवरून होते.

वनहक्क कायदा, २००६ नुसार वनजमिनीवरील जुने पट्टे, म्हणजे दळीसारख्या सरकारने लावून दिलेल्या जमिनी, हक्कात बदलून मिळतात. चार हेक्टरची कमाल मर्यादा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीला आहे, पट्ट्यांना नाही. अर्जात पट्ट्यांचा वेगळा रकाना असतो. पुष्कळ जण तो कोरा ठेवून नुसता ताबा लिहितात आणि दळीची बाजू आपणच लंगडी करतात.

दळी बहुधा गटाला मिळे, सरकारी वहीत नाव मात्र एकाचेच चढे. त्यामुळे एका घराचे वारस पुढे येतात, बाकीची कसणारी घरे बाहेर राहतात. यासाठी ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीने स्थळपाहणीत प्रत्येक घराची हद्द वेगळी मोजावी, जुनी पावती, वडीलधाऱ्यांचा जबाब, बांध-ताली असे एकाहून अधिक पुरावे जोडावेत आणि ग्रामसभेच्या ठरावात नाववार क्षेत्र लिहावे. पड दळी उपग्रह-चित्रात रान दिसते. तेवढ्यावरून दावा फेटाळणे चूक आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार असे चित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेत नाही. निकालाविरुद्ध ६० दिवसांत वरच्या समितीकडे जाता येते.

हक्क वारसाने जातो, विकता येत नाही. रोजगार हमीतून त्यावर काजू-आंबा लावता येतो. सामूहिक हक्क असलेल्या गावात शिकेकाई, बेहड्यासारख्या वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती देते, म्हणून व्यापाऱ्याशी भाव ठरवताना माल अडून राहत नाही.

कार्बन क्रेडिटचे, म्हणजे झाडांनी हवेतला कार्बन शोषल्याच्या मोबदल्याचे, पैसे झाडे राखणाऱ्याला मिळायचे तर आधी हक्कपत्र हवे. एकेकट्या दळीला मोजणीचा खर्च झेपत नाही, त्यामुळे अनेक घरांना मिळून करार करावा लागतो, तोही दीर्घ मुदतीचा. त्यात राब भाजायला मनाई असेल तर नाचणीची पाळी तुटते. किती गुंठे पिकाखाली राहतील, हे सही करण्याआधी करारातच लिहून घ्यावे.