घरपट्टीला लगाम दोघांनीही घातला, पण शाळेचा खर्च कोणी उचलला?

अमेरिकेत घर बघताना आपली बरीच मंडळी विकणाऱ्याचं घरपट्टीचं बिल बघून स्वतःचं बजेट मांडतात. कॅलिफोर्निया आणि मिशिगनमध्ये हा हिशोब हमखास चुकतो. दोन्ही राज्यांत मालक बदलेपर्यंत घराचं करपात्र मूल्य फार वाढू देत नाहीत आणि विक्री झाली की ते बाजारभावाप्रमाणे नव्याने ठरतं. त्यामुळे हे नियम आणणारे, मतदारांनी मंजूर केलेले दोन प्रस्ताव, म्हणजे कॅलिफोर्नियाचं ‘प्रपोझिशन १३’ आणि मिशिगनचं ‘प्रपोझल ए’, ही जुळी भावंडंच वाटतात. शाळेच्या बाजूने बघा, मग फरक कळतो.

मुळात अमेरिकेत सरकारी शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून निघतो, म्हणजे महागड्या घरांच्या गावाला कमी दरातही भरपूर पैसा मिळतो. १९६८-६९ मध्ये बेव्हर्ली हिल्सची शाळा एका मुलामागे १,२३२ डॉलर खर्च करत होती. त्याच लॉस एंजेलिस काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) बाल्डविन पार्कचे लोक दुपटीहून जास्त दराने कर भरत होते, तरी त्यांच्या मुलांच्या वाट्याला ५७७ डॉलर येत. १९७१ च्या ‘सेरानो’ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीला हरकत घेतली, ती यामुळेच.

प्रपोझिशन १३ मात्र या विषमतेवरचा उपाय म्हणून आलंच नाही. घरांच्या किमती भडकल्या होत्या, लोक बिलांना वैतागले होते. जून १९७८ मध्ये मतदारांनी ते मंजूर केलं: कर मूल्याच्या एक टक्का, मूल्यात वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढ. घरपट्टीचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं. ही तूट कशी भरायची, हे मतपत्रिकेवर कुठेच नव्हतं. उलट राज्याला कर वाढवायचा तर विधिमंडळात दोन-तृतीयांश मतं हवीत, अशी अटही त्यातच होती. शाळा राज्याच्या तिजोरीवर येऊन पडल्या, त्या ठरवून नव्हे, नाइलाजाने.

मिशिगनने उलटं केलं, आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. कालकास्का या छोट्या गावात मतदारांनी करवाढ नाकारली आणि मार्च १९९३ मध्ये, शाळेचं वर्ष संपायच्या कितीतरी आधी, शाळांना कुलूप लागलं. त्याच उन्हाळ्यात विधिमंडळाने शाळांच्या रोजच्या खर्चासाठीची घरपट्टी चक्क रद्दच केली. पर्यायी पैशाचा पत्ता नसताना! मग मार्च १९९४ मध्ये मतदारांपुढे सरळ निवड ठेवली. प्रपोझल ए स्वीकारलंत तर सेल्स टॅक्स चारवरून सहा टक्के होणार. नाकारलंत तर इन्कम टॅक्स ४.६ वरून सहा टक्क्यांवर जाणार. काहीच न भरण्याची सोय नव्हती. लोकांनी सेल्स टॅक्स पत्करला.

त्यातही एक बारकावा आहे. मिशिगनमध्ये शाळेसाठीचा १८ मिलचा स्थानिक कर (मिल म्हणजे हजार डॉलर करपात्र मूल्यामागे एक डॉलर) राहत्या घराला माफ आहे. दुकानं, कारखाने, दुसरं घर यांनी तो भरायचा. कॅलिफोर्नियात मालमत्ता म्हातारीच्या बंगल्याची असो की बड्या कंपनीच्या इमारतीची, एक टक्क्याची मर्यादा तीच. मोठ्या व्यापारी मालमत्तांना बाजारभावाने कर लावायचा प्रस्ताव २०२० मध्ये मतदारांसमोर आला आणि थोडक्यात पडला.

मिशिगनमध्ये राज्य आता दर मुलामागे ठरावीक रक्कम देतं. सुरुवातीला ती सगळ्या गावांना सारखी नव्हती. सर्वांत कमी रक्कम आणि राज्याने ठरवलेली प्रमाण रक्कम यांतली दरी २०२१ मध्ये मंजूर झालेल्या बजेटमध्ये पूर्ण बुजली. पण ही रक्कम शिक्षकांचे पगार आणि रोजचा खर्च भागवण्यासाठी आहे. नवी इमारत बांधायची किंवा गळणारं छप्पर बदलायचं, तर तिथेही गावाने आपल्याच घरपट्टीतून पैसे उभे करायचे. तिथे श्रीमंत आणि गरीब गावांतलं अंतर अजून जुनंच आहे.