पाश्चात्त्य अभिजात संगीत : घटक आणि बांधणी

युरोपातील चर्च, राजदरबार, ऑपेरागृहे आणि पुढे तिकीट लावून चालणारी सभागृहे यांच्या आश्रयाने सुमारे हजार वर्षांत घडलेली, कागदावर उतरवून ठेवलेली संगीतपरंपरा. काटेकोर अर्थाने ‘क्लासिकल’ हे विशेषण साधारण 1750 ते 1820 या काळालाच, म्हणजे हायडन (1732–1809), मोत्सार्ट (1756–91) आणि बेथोव्हन (1770–1827) यांच्या काळाला लावतात. ढोबळ वापरात मात्र मध्ययुगीन मठांतल्या एकसुरी स्तोत्रगायनापासून आजच्या रचनांपर्यंत सगळेच त्यात धरले जाते. या नोंदीचा भर त्या मधल्या काळात पक्क्या झालेल्या बांधणीवर आहे. ती कळली की आधीचे आणि नंतरचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

रागसंगीतावर कान तयार झालेला श्रोता हे संगीत पहिल्यांदा ऐकताना बहुधा चालीचा माग काढत जातो आणि मिनिटा-दोन मिनिटांत चाल हातून निसटते. तिचा विस्तार होईल, ती आलापातून उलगडेल, अशी त्याची अपेक्षा असते. इथे ती तुटते, दुसऱ्याच वाद्याकडे जाते, भलत्याच ठिकाणी उगवते. घोटाळा एका मूळ फरकाचा आहे. तानपुऱ्याचा षड्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. इथे षड्जच हलतो, आणि त्याचे हलणे ही मुख्य घटना असते.

लेखन

अकराव्या शतकात इटलीतील ग्विदो द’आरेत्सो या बेनेडिक्टाइन साधूने मुलांना स्तोत्रे लवकर पाठ व्हावीत म्हणून आडव्या रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत रुळवली. त्याच्या चार रेषा होत्या, आज पाच आहेत. संत जॉनच्या एका लॅटिन स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एका स्वराने वर सुरू होत असे. त्या ओळींच्या आद्याक्षरांवरून त्याने उत्, रे, मी, फा, सोल, ला ही नावे घेतली. उत् चा पुढे दो झाला आणि सातवा स्वर नंतर जोडला गेला.

ही निव्वळ सोयीची गोष्ट राहिली नाही. आपल्याकडे बंदिश लिहून ठेवली तरी ती गुरूच्या तोंडूनच खरी कळते. युरोपात उलट झाले. कागद हाच प्रमाण ठरला, रचनाकार आणि वादक या दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या, आणि पन्नास जणांनी एकाच वेळी पन्नास वेगळ्या गोष्टी वाजवायच्या, हे शक्य झाले. लिपीशिवाय सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली अनेक खंडांची रचना, संभवतच नाही.

स्वर आणि पट्टी

सप्तकाचे बारा समान भाग हा आजचा पाया आहे. प्रत्येक स्वराची कंपनसंख्या आधीच्या स्वराच्या सुमारे 1.0595 पट असते. त्यामुळे कुठलीही पट्टी घेतली तरी अंतरे तीच राहतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. निसर्गतः जुळणारा शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट असतो. पियानोवर तो 1.26 पट, म्हणजे किंचित चढा लागतो. पंचम मात्र जवळजवळ बरोबर असतो. आपली पेटी याच जुळवणीची. तिच्यावर मींड निघत नाही आणि तिचे स्वर श्रुतीत बसत नाहीत, हे आक्षेप तिथूनच येतात. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले, त्यामागे हे आक्षेप होते.

एवढे नुकसान युरोपाने का सोसले? पट्टी बदलता यावी म्हणून. जर्मन रचनाकार बाखने 1722 साली बाराही पट्ट्यांत, प्रत्येकी एक मेजर आणि एक मायनर, अशा 24 प्रेल्यूड-फ्यूगच्या (प्रेल्यूड म्हणजे प्रास्ताविक रचना; फ्यूगचे वर्णन पुढे येते) जोड्यांचा संग्रह सिद्ध केला. त्याच्या वाद्याची जुळवणी आजच्यासारखी तंतोतंत समान नसावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण एकाच वाद्यावर सगळ्या पट्ट्या फिरता येतात, हे त्याने दाखवून दिले.

स्वरपंक्ती मुख्यतः दोन. मेजर म्हणजे आपला बिलावल थाट, सगळे स्वर शुद्ध. मायनर म्हणजे ढोबळमानाने आसावरी थाट : गंधार, धैवत, निषाद कोमल. प्रत्यक्षात मायनरमध्ये निषाद वारंवार शुद्ध करून घेतात आणि मग तो किरवाणीच्या जवळ जातो. थाटाशी तुलना इथेच थांबवावी. वादी-संवादी, वर्ज्य स्वर, पकड, समय यांतले काहीही मेजर-मायनरला नाही. त्यांचे काम राग होण्याचे नसून घर होण्याचे आहे.

स्वरसंहती

एकाच वेळी तीन किंवा अधिक स्वर वाजले की कॉर्ड होते आणि कॉर्डच्या क्रमातून हार्मनी, म्हणजे स्वरसंहती, उभी राहते. हा घटक समजावण्यापेक्षा वाजवून पाहिलेला बरा. घरात पेटी असेल तर सा, ग, प एकत्र दाबावेत. ऐकायला स्वस्थ वाटते. मग प, नि आणि वरचे रे, म असे चार स्वर एकदम दाबावेत आणि तिथेच थांबावे. कान अस्वस्थ होतो, शेजारच्या खोलीतल्या माणसालाही काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. निषादाला वर षड्जाकडे जायचे असते, मध्यमाला खाली गंधाराकडे उतरायचे असते. पुन्हा सा-ग-प दाबले की सुटका होते. पाश्चात्त्य संगीतातले बहुतेक ताण या एका ओढीवर उभे आहेत. या परतण्याला केडन्स म्हणतात, आणि वाक्याला पूर्णविराम तसा तो संगीताला असतो. म-ध-सा वरून सा-ग-प वर येणारा मवाळ केडन्स चर्चमधल्या ‘आमेन’मुळे ओळखीचा आहे.

एकच चाल आणि खाली कॉर्डची साथ, हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात तीन-चार चाली स्वतंत्रपणे एकाच वेळी चालतात आणि तरी भांडत नाहीत, हा काउंटरपॉइंट. फ्यूगमध्ये एक आवाज छोटीशी चाल एकट्याने म्हणतो, ती संपता संपता दुसरा आवाज तीच चाल पंचमावरून उचलतो, पहिला तोवर नवे काही बोलू लागलेला असतो, मग तिसरा येतो. एका गोष्टीत कान गुंतवण्याची सवय असलेल्या श्रोत्याला हे सगळ्यांत जड जाते. उपाय सोपा आहे : एका वेळी सर्वांत खालचा आवाज तेवढा धरून ऐकायचा.

लय, जोर, रंग

मात्रांचे समान तुकडे, म्हणजे बार, पाडलेले असतात. दोन, तीन, चार किंवा सहाचे बार सर्रास आढळतात. वॉल्ट्झचा बार तीनाचा. पण बार म्हणजे आवर्तन नव्हे. समेवर येण्याचा थरार इथे नाही. त्याची जागा केडन्सने घेतली आहे. लयीच्या सूचना इटालियन भाषेत लिहितात : आदाज्यो संथ, आंदांते चालत्या गतीचे, आलेग्रो जलद, प्रेस्टो अतिजलद. 1815 साली मेल्त्सेलने मेट्रोनोमचे, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचे, पेटंट घेतल्यावर लय आकड्यांतही सांगता येऊ लागली आणि बेथोव्हनने आपल्या सिंफन्यांना तसे आकडे दिले. त्यांतले काही इतके जलद आहेत की वादक अजून त्यावर वाद घालतात.

हळू आवाजात वाजवणे म्हणजे पियानो, मोठ्या आवाजात वाजवणे म्हणजे फोर्टे. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने 1700 च्या सुमारास असे वाद्य बनवले की ज्यात बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होई. त्याच्या लांबलचक नावातले ‘पियानो’ तेवढे उरले.

ऑर्केस्ट्राची चार घराणी : तंतुवाद्ये, बासरी-ओबो-क्लॅरिनेट-बसून ही लाकडी सुषिरवाद्ये, पितळी वाद्ये आणि तालवाद्ये. कुठल्या घराण्याला बोलवायचे आणि कुठल्याला गप्प बसवायचे, हाही रचनेचाच भाग.

बांधणी : सोनाटा-बंध

लहान बंध लगेच कळतात. अ-ब-अ असा तीन भागांचा, किंवा मुखडा पुन्हा पुन्हा येऊन मध्ये अंतरे घेणारा रोंडो, यांत आपल्याला परके काही नाही. एक चाल घेऊन तिची एकामागून एक रूपे करणारे व्हेरिएशन्सही चटकन पटतात. खरा कस सोनाटा-बंधात लागतो. सिंफनी, क्वार्टेट (चार वाद्यांसाठीची रचना), सोनाटा (एक-दोन वाद्यांसाठीची रचना) यांचा पहिला खंड बहुतेक वेळा या बंधात असतो.

उदाहरण म्हणून मोत्सार्टची 40 वी सिंफनी घेऊ. 25 जुलै 1788 रोजी व्हिएन्नात ती पूर्ण झाली. 39 वी, 40 वी आणि 41 वी अशा शेवटच्या तीन सिंफन्या त्याने त्या उन्हाळ्यात जेमतेम सहा-सात आठवड्यांत लिहिल्या. तिच्यात तुताऱ्या नाहीत, नगारे नाहीत. पट्टी पांढरी पाच, मायनर. सुरुवातीला चाल नसतेच : व्हायोला खालच्या आवाजात धडधड सुरू करतात आणि त्यावर व्हायोलिन अलगद येतात. पांढरी पाच षड्ज मानला तर ते म्हणतात : ध॒ प प, ध॒ प प, ध॒ प प ग॒, आणि हा शेवटचा कोमल गंधार तार सप्तकातला. ही चाल आपल्याकडे पुष्कळांना पाठ असते. सलील चौधरींनी तिच्यावरून 1961 च्या ‘छाया’ चित्रपटातल्या एका गाण्याचा मुखडा बांधला आहे. गाण्यात ती चाल प्रेयसी-प्रियकराच्या संवादापुरती थांबते. मोत्सार्टकडे ती बियाण्यासारखी वापरली जाते. उतरत्या दोन स्वरांची ती ‘ध॒ प’ ही जोडी, तिलाच मोटिफ म्हणतात, पुढे सगळीकडे रुजते.

या पहिल्या खंडाचे तीन भाग पडतात. त्यांतल्या पहिल्या भागाला मांडणी म्हणावे. चाल चढत जाते, गोंगाट वाढतो, एकदम सगळे थांबतात, आणि शांततेतून दुसरी चाल येते : मऊ, उतरती, व्हायोलिन आणि लाकडी वाद्ये यांनी वाटून घेतलेली. नुसती चाल बदलली असे नव्हे. घर बदलले. षड्ज आता काळी पाचवर आहे आणि स्वरपंक्ती मेजर झाली आहे. आपल्या भाषेत हे षड्जचालन : आसावरीच्या कोमल गंधाराला सा मानले की बिलावल दिसतो. फरक इतकाच, की मूर्च्छना दाखवणारा गायक क्षणभर आभास देऊन परततो. मोत्सार्ट बिऱ्हाडच हलवतो.

दुसरा भाग विस्ताराचा. पहिली चाल अचानक काळी तीनवर, मूळ षड्जाच्या अर्ध्या स्वराने खाली, उगवते. घराच्या भिंतीपलीकडेच, पण पट्ट्यांच्या नात्याने पाहिले तर फार दूरचे गाव. तिथून ती एकेक पायरी घसरत जाते, मग चेलो-बास तिला हिसकावून घेतात, तिचे तुकडे होतात, शेवटी फक्त ती दोन स्वरांची जोडी उरते. परतीची वाट मोत्सार्ट इतकी बेमालूम करतो की लाकडी वाद्ये अजून खाली उतरत असतानाच व्हायोलिनवर मूळ चाल सुरू झालेली असते.

तिसरा भाग पुनरागमनाचा, आणि नियम असा की आता दोन्ही चाली घरच्या पट्टीतच यायच्या. त्यामुळे मघाची ती मऊ, मेजर चाल इथे मायनरमध्ये येते. स्वररचना जवळजवळ तीच आहे, पण तिचा चेहरा उतरलेला. बंध माहीत नसेल तर हे ‘पुन्हा तेच’ वाटते. माहीत असेल तर कळते की ज्या चालीने बाहेरची मोकळी हवा दाखवली होती, तिलाच आता त्या घरात राहायचे आहे.

या सिंफनीचे चार खंड, म्हणजे मूव्हमेंट्स, त्या काळाच्या ठरल्या क्रमाने येतात : जलद, संथ, मिन्युएट हा नाच, आणि जलद शेवट. शेवटच्या खंडात विस्ताराच्या तोंडाशी सगळा वाद्यवृंद एकसुरात वेडीवाकडी झेप घेत जातो. त्या काही बारांत बारापैकी अकरा स्वर येऊन जातात. येत नाही तो पांढरी पाच. षड्जच तेवढा गायब.

ऐकण्याचा रिवाज

दोन खंडांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा दंडक जुना वाटतो पण मोत्सार्टच्या काळात तो नव्हता. 1778 च्या जुलैत पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले आहे की, लोकांना आवडणार याची खात्री असलेली एक जागा त्याने नव्या सिंफनीच्या पहिल्या खंडात मुद्दाम घातली होती. ती येताच श्रोत्यांनी संगीत चालू असतानाच टाळ्यांचा कडकडाट केला. खूश होऊन तो कार्यक्रमानंतर आइस्क्रीम खायला गेला. मैफलीत जागेवर दाद देणाऱ्यांनी व्हिएन्नाच्या सभागृहात ओशाळे होण्याचे कारण नाही; शिष्टाचार पाळावा, एवढेच.

नंतरचे आणि इकडचे

एकोणिसाव्या शतकात पट्ट्यांची भ्रमंती वाढत गेली. 1865 साली म्युनिकला रंगमंचावर आलेल्या वाग्नरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’ या ऑपेरात सुरुवातीचीच कॉर्ड अशी अधांतरी आहे की घर कुठले ते ठरत नाही, आणि पूर्ण सुटका होते ती काही तासांनी, अखेरीस. 1920 च्या दशकात शोनबर्गने बाराही स्वरांना समान हक्क देऊन षड्जाचे पदच रद्द केले. ते संगीत आजही थोड्यांनाच रुचते.

गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून दो-रे-मी नावांनी गाणे) आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा रुजली. तिथले वाचून वाजवणारे वादक मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) त्यांपैकीच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. त्याच मुंबईत मेहली मेहता यांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला, तो कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, झुबिन मेहता. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रामध्ये 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तिथे कार्यक्रम सुरू होण्याआधी ओबोवादक एकच स्वर लांब धरतो, पांढरी सहा, सुमारे 440 कंपनांचा, आणि सगळी वाद्ये त्याच्याशी जुळवून घेतात. तानपुरा जुळवण्याशी याचे साम्य तेवढ्यापुरतेच : कार्यक्रम सुरू झाला की तो स्वर कोणी धरून ठेवत नाही.