झोपेत दगावणारी बाळं आणि हृदयाचा शोध: उंदीर-कोकरांपासून खर्ऱ्यापर्यंत

आपल्या नागपुरात, महालात म्हणा की सक्करदऱ्यात, रात्री दूध पिऊन झोपलेलं धडधाकट बाळ सकाळी उठलंच नाही तर पहिलं बोट आईकडेच जातं, अंगाखाली आलं असेल, हिनंच काही खाल्लं असेल, नाहीतर मग नजर. युरोपातही शेकडो वर्षं आईलाच दोषी धरत. 1889 मध्ये पाल्टाउफ नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरनं अशा मृत्यूंसाठी मोठ्या थायमस ग्रंथीवर (ही छातीत असते) बोट ठेवलं, आणि पुढे ती ग्रंथी लहान करायला कित्येक बाळांच्या छातीवर रेडिएशन दिलं गेलं, त्यातल्या काहींना मोठेपणी थायरॉइडचा कॅन्सर झाला. बाळाची थायमस मुळात मोठीच असते हो!

1969 ला सिएटलच्या परिषदेत ब्रूस बेकविथ या डॉक्टरनं सिड्सची (सडन इन्फंट डेथ सिंड्रोम) व्याख्या मांडली, म्हणजे शवविच्छेदन करूनही कारण सापडत नाही असा बाळाचा अचानक मृत्यू. पण थांबलेल्या हृदयाकडे पाहून ते थांबण्याआधी कसं धडधडत होतं हे कसं कळणार? जिवंत बाळावर तर असला प्रयोग करता येत नाही, म्हणून लॅबमध्ये कोकरं, डुकराची पिल्लं, उंदीर आले.

सत्तरच्या दशकात दिसलं की नवजात कोकराच्या किंवा डुकराच्या पिल्लाच्या स्वरयंत्रावर नुसतं पाणी पडलं तरी श्वास थांबतो आणि ठोके मंदावतात. मोठ्या माणसाला तिथं ठसका लागतो, पण पिल्लाचं शरीर श्वासच बंद करून घेतं, आणि भूल दिलेली असेल तर ते लवकर सावरतही नाही.

1976 मध्ये इटलीच्या पीटर श्वार्ट्झनं म्हटलं की हृदयाकडे जाणाऱ्या डाव्या-उजव्या नसांचा तोल नीट जमला नसेल तर ईसीजीतला क्यूटी, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, लांबतो आणि ठोके बिघडू शकतात. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत या नसांचा क्यूटीवर परिणाम आधीच दिसला होता. मग त्यांनी 34,442 नवजात बाळांचे ईसीजी काढले, निकाल 1998 ला आला: सिड्सनं गेलेल्या 24 बाळांपैकी 12 जणांचा क्यूटी लांब होता. म्हणजे उरलेल्या निम्म्यांचं कोडं तसंच राहिलं.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या थिओडोर स्लॉटकिनचं 1995 चं काम. नवजात पिल्लात मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीपर्यंतच्या नसा अजून तयार झालेल्या नसतात, म्हणून ऑक्सिजन कमी झाला की ही ग्रंथी मेंदूच्या हुकमाची वाट न बघता स्वतःच अॅड्रिनलिन सोडते आणि त्याच्या जोरावर हृदय चालू राहतं. स्लॉटकिननं गाभण उंदरिणींना निकोटिन दिलं, धूर नाही, नुसतं निकोटिन, आणि जन्मलेल्या पिल्लांना कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलं तर ग्रंथीनं ते अॅड्रिनलिन सोडलंच नाही, ठोके लगेच घसरले, आणि साध्या पिल्लांनी जे सहन केलं त्यात यातली बरीच मेली.

आपल्याकडे पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, बायकाही खातात, गरोदरपणातही, आणि घरचे म्हणतात की बिडी थोडीच ओढते ती! पण खर्ऱ्यातल्या तंबाखूतही निकोटिनच आहे ना. स्वीडनमध्ये स्नूस नावाची बिनधुराची तंबाखू चालते, तिथल्या 2011 च्या अभ्यासात ती खाणाऱ्या आयांच्या बाळांत श्वास थांबण्याचा धोका जास्त निघाला. नागपूरची मेडिकल असो की मेयो, या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत गरोदर बाईला खर्ऱ्याबद्दल स्पष्ट विचारायलाच पाहिजे, आणि ते तिला दोष न देता.

सिड्स टाळायला बाळाला पाठीवर झोपवा ही गोष्ट मात्र प्राण्यांच्या लॅबमधून आली नाही, ती माणसांच्या आकडेवारीतून आली. अमेरिकेत 1994 ला मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत सिड्सचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्याच वर्षी फिलियानो आणि हॅना किनी या अमेरिकन संशोधकांनी मांडलं की सिड्समध्ये तीन गोष्टी एकत्र येतात: नाजूक बाळ, नाजूक वय, आणि बाहेरचा ताण. किनीच्या टीमला सिड्सनं गेलेल्या बाळांच्या मेंदूच्या देठात सेरोटोनिनची (मेंदूत निरोप पोचवणारं रसायन) गडबड सापडली, आणि 2008 ला इटलीत मॉन्टेरोटोंडोच्या लॅबनं उंदरांत सेरोटोनिनवर जास्तीचा ब्रेक लावून पाहिला तर मधूनच त्यांचे ठोके आणि अंगाचं तापमान घसरायचं आणि कित्येक तरुणपणीच मरायचे, बाकी वेळ मात्र ते चांगले हिंडते-फिरते दिसायचे.