लॉ फ्रेंच

लॉ फ्रेंच : इंग्लंडच्या न्यायालयांत मध्ययुगापासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चाललेली, नॉर्मन फ्रेंचमधून (फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील फ्रेंचमधून) निघालेली वकिली भाषा. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली आणि पुढे वकिलांचे युक्तिवादही तिच्यातच होऊ लागले. न्यायालयाचे अधिकृत दप्तर मात्र लॅटिनमध्ये राहिले. आपल्याच खटल्यात काय बोलले जाते हे पक्षकारांना कळत नाही, या तक्रारीवरून १३६२ साली तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत युक्तिवाद इंग्रजीत करण्याचा कायदा झाला. गंमत अशी, की तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला आहे. वकिलांनी आपली टिपणे फ्रेंचमध्ये लिहिणे सोडले नाही. १६५० मध्ये प्रजासत्ताकाच्या संसदेने घातलेली बंदी राजेशाही परतल्यावर टिकली नाही, आणि १७३१ चा कायदा १७३३ पासून अमलात आला तेव्हाच ही भाषा न्यायालयातून गेली.

तोपर्यंत तिची पुरती खिचडी झाली होती. १६३१ साली सॉल्झबरी येथे शिक्षा झालेल्या एका कैद्याने सरन्यायाधीश रिचर्डसन यांच्यावर विटेचा तुकडा भिरकावला. या प्रसंगाच्या टिपणात वाक्याचा सांगाडा फ्रेंच आहे, पण फेकलेली वस्तू ‘ब्रिकबॅट’ आहे आणि ती ‘नॅरोली मिस्ट’, म्हणजे थोडक्यात हुकली. कैद्याचा उजवा हात तोडून फाशीच्या खांबाला ठोकला गेला व तेथेच त्याला फाशी दिले गेले, हे भीषण वर्तमानही त्याच धेडगुजरी भाषेत नोंदलेले आहे.

इंग्रजीतील ‘कल्प्रिट’ (अपराधी) हा शब्द अशाच एका टिपणातून जन्मला. आरोपीने गुन्हा नाकारला, की ‘दोषी, सिद्ध करण्यास तयार’ या अर्थाचे सरकारपक्षाचे फ्रेंच उत्तर ‘कल. प्रिट’ असे तोडून लिहीत. पुढे ते आरोपीलाच उद्देशून म्हटलेले संबोधन समजले गेले. ‘गुड्स अँड चॅटल्स’ (जंगम मालमत्ता) यांसारख्या जोडशब्दांत एक शब्द इंग्रजी व दुसरा फ्रेंच असतो. दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना कळावे म्हणून ते घडले, असे नेहमी सांगतात. परंतु शब्द जोडून बोलण्याची हौस जुन्या इंग्रजीतही होती, त्यामुळे तेवढे कारण पुरेसे वाटत नाही. मराठीतील ‘कागदपत्र’ किंवा ‘धनदौलत’ हे शब्द याच जातीचे.

शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ (मुद्रण १६००) या नाटकातील न्यायालयाचा प्रवेश व्हेनिसमध्ये घडत असला, तरी त्यातील शब्दसंपत्तीत हा वारसा दिसतो. सावकार शायलॉक व कायदेपंडिताच्या वेशातील पोर्शिया ज्यांवर वाद घालतात ते न्याय, दया, दंड, जप्ती यांचे इंग्रजी शब्द, ‘जस्टिस’, ‘मर्सी’, ‘पेनल्टी’ आणि ‘फॉरफिट’, फ्रेंचमधून आलेले आहेत. कर्ज न फेडल्यास ऋणकोच्या अंगचे मांस घेण्याच्या करारात मांस लिहिले आहे, रक्ताचा थेंबही नाही, हा पोर्शियाचा निर्णायक मुद्दा मात्र ‘फ्लेश’ आणि ‘ब्लड’ या दोन अस्सल जुन्या इंग्रजी शब्दांवर उभा आहे.