रंग गेला नाही, तंतू चालत गेला

मागच्या हिवाळ्यात घरी नमदा, म्हणजे न विणता लोकर चोळून-दाबून केलेलं जाड कापड, करून बघायची हौस आली. पिंजलेल्या पांढऱ्या मेरिनो लोकरीचे आडवे-उभे थर मांडले, वर लाल लोकरीचं फूल ठेवलं, साबणाचं गरम पाणी शिंपडलं आणि अर्धा तास हाताने चोळलं. नमदा झकास जमला. फूल मात्र गुलाबी, कडा फिसकटलेल्या, जणू टेबलक्लॉथवर सांडलेलं कोकम सरबत. लोकरीचा रंग कच्चा निघाला, असं म्हणून दुसऱ्या खेपेला पाण्यात व्हिनेगर घातलं. तरी तेच! शेवटी भिंग लावून पाहिलं. पांढरे तंतू पांढरेशुभ्र होते आणि लाल तंतू लालभडक. गुलाबी म्हणावा असा एकही तंतू सापडला नाही.

म्हणजे रंग सुटलाच नव्हता. सगळं तंतूंच्या हालचालीत होतं.

लोकरीचा तंतू कापसाच्या तंतूसारखा बाहेरून गुळगुळीत नसतो. त्यावर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात, सगळे टोकाकडे तोंड करून. गवतात फिरून आल्यावर पायजम्यात शिरलेलं कुसळ आठवा. तुम्ही चालत राहता आणि ते आपलं आत-आत जातं, मागे म्हणून येत नाही. लोकरीचा तंतूही असाच एकमार्गी. चोळलं, दाबलं, लाटलं की तो मुळाच्या दिशेने पुढे सरकतो आणि खवले त्याला परत फिरू देत नाहीत. गरम पाण्याने तंतू फुगतो आणि लवचीक होतो, साबणाने सरकणं सोपं होतं. असे लाखो तंतू एकमेकांत घुसले की विणकाम नाही, शिवण नाही, तरी घट्ट कापड तयार. चुकून गरम पाण्यात धुतलेला स्वेटर बाळाच्या मापाचा होतो, तोही याच कारणाने.

आता घुसताना तंतू रंग बघत नाही. खालचे पांढरे तंतू लाल फुलातून वर येतात, लाल तंतू खाली उतरतात. मेरिनोचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे ०.०२ मिलिमीटर. हातभर अंतरावरून आपल्या डोळ्याला ०.१ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील सुटा दिसत नाही. तेवढ्या जागेत पाच तंतू बसतात. तीन लाल, दोन पांढरे असले तर डोळा त्यांची सरासरी काढून मोकळा होतो आणि आपल्याला गुलाबी दिसतं. लाल-पांढऱ्याचं निदान गुलाबी तरी होतं. लाल-हिरवं शेजारी मांडलं तर चिखलाचा रंग येतो, मग कितीही धुवा.

खरोखर रंग सुटणं हा वेगळा आजार. लोकरीवर बहुधा आम्लधर्मी रंग चढवतात. आम्ल पाण्यात लोकरीतल्या प्रथिनावर धन विद्युत्भार येतो, रंगाचा रेणू ऋणभारित असतो, दोघं एकमेकांना धरून राहतात. साबणाचं पाणी अल्कधर्मी. त्यात तो धनभार कमी होतो आणि आधीच सैल बसलेला रंग पाण्यात उतरतो. तेव्हा पांढरा तंतू स्वतःच गुलाबी झालेला भिंगाखाली दिसतो. इथे शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालण्याचा उपयोग आहे. माझ्या फुलावर नव्हता, कारण चालणाऱ्या तंतूला व्हिनेगर काय थांबवणार? औषधाआधी भिंग लावा, एवढंच म्हणेन.

मध्य आशियातल्या भटक्या पशुपालकांनी या प्रश्नाशी फार जुनी दोस्ती केली आहे. किर्गिझस्तानात नमद्याचे दोन प्रकार होतात आणि २०१२ साली युनेस्कोने दोन्ही तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतले. अला-कियिझमध्ये रंगीत लोकरीची नक्षी मांडून सगळं एकत्रच भिजवतात, चटईत गुंडाळतात आणि लाटतात. त्यामुळे कडा ढगासारख्या मऊ येतात. धूसरपणा तिथे दोष नाही, तीच शैली. शिरदाकची गोष्ट उलटी. आधी दोन रंगांचे नमदे वेगवेगळे पुरते जमवायचे, म्हणजे तंतू घट्ट गुंतवायचे, मग एकावर एक ठेवून दोन्हींतून एकदमच नक्षी कापायची. लालमधला तुकडा काळ्याच्या भोकात, काळ्यातला लालच्या. वाया काही जात नाही आणि एका कापणीत दोन गालिच्यांची नक्षी निघते. मग शिलाई आणि सांध्यावर पिळलेल्या दोऱ्याची किनार. रंग ओले असताना शेजारी आलेच नाहीत, तर मिसळणार कुठून? अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथल्या गोठलेल्या थडग्यांत दोन हजारांहून अधिक वर्षं जुने नमदे मिळाले, त्यांवरही कापून शिवलेली रंगीत चित्रं आहेत. काश्मिरी नमद्यावर आरीने, म्हणजे आकड्याच्या सुईने, भरतकाम करतात, म्हणजे तिथेही रंग मागाहून. आपल्याकडे घोंगड्यांच्या दुकानात मिळणाऱ्या जेनाला, म्हणजे आपल्या देशी नमद्याला, ही कटकटच नाही. मेंढीचा रंग तोच जेनाचा.

सुईदोरा नको असेल तर मधली वाट आहे. लाल लोकर वेगळी, अर्धीकच्ची जमवायची: हातात धरता येईल, पण बोटांनी ओढली तर तंतू सुटतील इतपत. तिचं फूल कात्रीने कापून पांढऱ्यावर ठेवायचं. आत आधीच गुंतलेले तंतू फार लांब भटकत नाहीत. वर मच्छरदाणीचा तुकडा टाकून सुरुवातीला नुसतं दाबायचं, घासायचं नाही. पाणी कोमट. वरची साय धरली की मग जोर.

मी तसं केलं. पाकळ्यांच्या कडा अशा आल्या की स्वतःवरच खूश झालो. दोन दिवसांनी एक पाकळी नखाने उचलली गेली. उलटून पाहिलं तर बाकी पाकळ्यांखाली पांढऱ्यात लाल तंतूंची बारीक लव उतरलेली, हिच्याखाली काहीच नाही. ती पाकळी मी जास्तच जमवली होती. तिचे तंतू चालायला मोकळे राहिलेच नव्हते, आणि कडा बिघडवणारं ते चालणंच तर फूल धरून ठेवत होतं. लाल दोरा ओवला आणि शिवून टाकली.