काजूगर सोलणारं मनगट

वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यात बरीच वर्षं काढलेल्या बाईला झोपेचं विचारलं, की ती आधी हात झटकून दाखवते. ‘रात्री बधिर होता,’ म्हणते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मुंग्या येतात त्या याच बोटांत. मनगटाच्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस दाबली गेल्याची ही खूण.

हे दुखणं कम्प्युटरबरोबर आलं असं अनेकांना वाटतं. पण इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कामगारांच्या आजारांवरच्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या हाताबद्दल लिहून ठेवलंय. कारणं तीन: सतत बैठक, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. ब्रिटनमध्ये १९०८ साली तारबाबूंच्या हाताला येणारा पेटका कामगारांना भरपाई मिळणाऱ्या आजारांच्या यादीत आला.

पुढे १९५० नंतर अमेरिकेतले शल्यविशारद जॉर्ज फॅलन यांच्यामुळे मनगटातल्या नसेचा आजार डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा झाला. पण रुग्णांत गृहिणी बऱ्याच, म्हणून हा कामाचा आजार नव्हे, असं त्यांचं मत पडलं. धुणं पिळणं, कणीक मळणं हे काम धरलंच नाही! या इतिहासातली हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते, कारण आपल्याकडेही कारखान्यात दिवस घालवणाऱ्या बाईच्या केसपेपरवर पुष्कळदा ‘घरकाम’च लिहिलं जातं.

अमेरिकी सरकारच्या संशोधन संस्थेने १९९७ मध्ये तोवरचे अभ्यास तपासले. जोर आणि तीच ती हालचाल एकत्र आली की धोका वाढतो, याचा पुरावा भक्कम निघाला. काजूत दोन्ही आहेत. वाफवलेली बी एका हाताने पात्यांमध्ये धरायची, पायाने दाब द्यायचा, दुसऱ्या हाताने दांडा ओढून कवच उघडायचं. पुढे सोलणीला बसलेली बाई गर चिमटीत धरून सुरीच्या टोकाने तांबूस साल काढते, गर न मोडता. मोडला की भाव पडतो. रामाझिनींचं तिसरं कारण ते हेच. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडे कोळंबी सोलताना यात बर्फाची भर पडते: बोटं गारठतात आणि पकड आणखी घट्ट करावी लागते.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात सरकारला कळवायलाच हवेत अशा आजारांची यादी होती. शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) होता, मनगट नव्हतं. मजुरी मात्र किलोवर ठरते, म्हणून हात दुखला तरी मध्ये थांबणं बाईला परवडत नाही.